देशप्रेम, स्वातंत्र्य आणि राज्यसत्तेची मर्यादा : राजाजींच्या चरित्राचा बोध

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आम्हांस लेखणी हाती धरण्याची आज्ञा केली, तेव्हा ज्ञातीच्या जुन्या इतिहासातील एखादे प्रकरण लिहावे असा आमचा प्रथम मानस होता. परंतु अलीकडे ज्ञातिबांधवांच्या मेळाव्यांतून, विशेषतः तरुण मंडळींच्या तोंडून, एक प्रश्न वारंवार कानी येतो. सरकारच्या एखाद्या धोरणास विरोध करणारा मनुष्य देशभक्त म्हणावा की नाही? आणि जो देवधर्म मानतो, परंपरा मानतो, वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू देत नाही, त्याने राज्यकर्त्यांचा शब्दही तसाच मानावा काय? इतिहास शिकविण्यात आमची हयात गेली. म्हणून या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत न शोधता एका थोर पुरुषाच्या चरित्रात शोधण्याचे आम्ही योजिले आहे. ते पुरुष म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, ज्यांस सारा देश राजाजी या नावाने ओळखतो.

राजाजींचीच निवड का केली, हे प्रथम सांगितले पाहिजे. ते वृत्तीने पूर्णपणे परंपरानिष्ठ होते. रामायण-महाभारत त्यांच्या जिभेवर होते, आणि त्यांनी तमिळमध्ये लिहिलेल्या रामकथेस १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. राहणी साधी, आहार सात्त्विक, दारूचे हाडवैर. असा मनुष्य आयुष्यभर सत्तेपुढे मान तुकवून बसला असेल असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात त्यांनी परकीय सरकारशी झुंज दिली, स्वकीय सरकारात उच्चातील उच्च पदे भूषविली, आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्याच स्वकीय सरकारला आवर घालण्यासाठी नवा पक्ष काढला. सत्तेच्या खुर्चीपुढे उभे राहणे आणि त्या खुर्चीवर बसणे, हे दोन्ही अनुभव ज्यास आले आहेत, त्याची साक्ष या प्रश्नात मोलाची होय.

जन्म व जडणघडण

राजाजींचा जन्म १० डिसेंबर १८७८ रोजी त्या वेळच्या सेलम जिल्ह्यातील तोरपळ्ळी या लहानशा गावी झाला. बंगळूर व मद्रास येथे शिक्षण पुरे करून त्यांनी १९०० च्या सुमारास सेलम येथे वकिली सुरू केली व ती उत्तम चालली. तरुणपणी लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने त्यांचे मन ओढून घेतले होते. पुढे सेलम नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, आणि गांधीजींची हाक येताच भरभराटीस आलेल्या वकिलीवर पाणी सोडले.

डिसेंबर १९२१ मध्ये त्यांस अटक होऊन वेल्लोरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी जी दैनंदिनी लिहिली, तीत एक विलक्षण नोंद आहे. स्वराज्य मिळताच लोकांस सुख लाभेल अशा भ्रमात त्यांचे मन नव्हते. निवडणुकांतील भ्रष्टाचार, अन्याय, पैशाची दंडेली आणि कारभारातील ढिलाई ही स्वराज्यातही लोकांस छळतील, कदाचित जुन्या राजवटीची आठवण काढणारेही निघतील, असे त्यांनी १९२२ च्या जानेवारीत लिहून ठेवले. उपाय म्हणून त्यांनी जे सांगितले ते आम्हां शिक्षकांस विशेष चिंतनीय वाटते. लहानपणापासून सदाचरण, ईश्वरभीरुता व परस्पर प्रेम यांचे शिक्षण सर्वांस मिळाले तरच तरणोपाय आहे, असा त्या नोंदीचा आशय आहे. स्वराज्यासाठी तुरुंगात बसलेला मनुष्य स्वराज्याच्या दोषांचा विचार करतो, यात त्याच्या देशप्रेमास उणेपणा येत नाही. जो आपल्या मुलावर खरी माया करतो तोच त्याच्या वळणाची चिंता वाहतो. देशाचेही तसेच आहे.

झाडावर टांगलेल्या पुरचुंड्या

१९३० साली गांधीजींनी दांडीयात्रा काढली, हे आपल्या शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. त्याच वर्षी दक्षिणेत राजाजींनी तिरुचिरापल्लीहून समुद्रकाठच्या वेदारण्यम् येथपर्यंत पदयात्रा नेली. १३ एप्रिल रोजी सुमारे शंभर स्वयंसेवक निघाले व दीडशे मैलांची वाट तुडवून महिनाअखेरीस त्यांनी मीठ उचलले. वाटेतील तंजावर जिल्ह्याच्या ब्रिटिश कलेक्टराने फर्मान सोडले की, या सत्याग्रहींस जो अन्न देईल वा आसरा देईल, त्यास शिक्षा होईल.

मग लोकांनी काय केले? त्यांनी अन्नाच्या पुरचुंड्या बांधून वाटेवरच्या झाडांच्या फांद्यांस टांगून ठेवल्या. सरकारी शिपायास देणारा हात सापडेना, आणि सत्याग्रही मात्र उपाशी राहिले नाहीत. या एका प्रसंगात राज्यसत्तेच्या मर्यादेचा सारा धडा आला आहे असे आम्ही समजतो. दारी आलेल्या अतिथीस घास घालणे हा आपला धर्म होय. तो धर्म कोणत्याही सरकारने दिलेला नाही, म्हणून कोणत्याही सरकारास तो काढूनही घेता येत नाही. तंजावरचे ते खेडूत कायदेपंडित नव्हते आणि क्रांतिकारकही नव्हते. ते जुन्या वळणाचे, श्रद्धाळू लोक होते. त्यांनी परंपरा पाळली, आणि परंपरा पाळल्यामुळेच त्यांनी हुकूम मोडला. परंपरानिष्ठ मनुष्य म्हणजे सत्तेचा ताबेदार, ही समजूत किती फोल आहे ते यावरून दिसून येईल.

हा विचार आपल्या मातीस परका नाही. शांतिपर्वात भीष्मांनी सांगितलेला राजधर्म राजासही बंधनकारक आहे. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना कोणता विवेक ठेवावा हे सांगताना, रयतेची आंबा-फणसासारखी झाडे धन्याच्या राजीखुशीवाचून व मोल दिल्यावाचून तोडू नयेत असा दंडक घातला आहे. स्वराज्याचे आरमार म्हणजे देशरक्षणाचे काम. परंतु त्या कामासाठीही रयतेच्या परसातील झाडापाशी राजाची कुऱ्हाड थांबली पाहिजे. आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांस दोषी ठरवून पुणे सोडले, ते काही पेशवाईचा द्वेष होता म्हणून नव्हे. गादीपेक्षा न्याय मोठा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

खुर्चीवर बसल्यावर

आतापर्यंत सांगितले ते ऐकून वाचकांस वाटेल की आम्ही केवळ स्तुतिपाठ करीत आहोत. तसे नाही. सत्ता मर्यादित का असावी याचा अधिक बोलका पुरावा राजाजी स्वतः सत्तेवर असतानाच मिळतो.

१९३७ साली ते मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री झाले. त्या काळात त्यांनी काही फार चांगली कामे केली. १९३९ चा मंदिरप्रवेशासंबंधीचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला, आणि सनातन्यांचा रोष पत्करून त्यांनी तो केला. परंतु १९३८ साली त्यांनी अनेक माध्यमिक शाळांतून हिंदी सक्तीची केली. लोक खवळले, निदर्शने सुरू झाली, तेव्हा ज्या दडपशाहीच्या कायद्यावर काँग्रेसने पूर्वी टीका केली होती तोच फौजदारी सुधारणा कायदा त्यांच्या सरकारने निदर्शकांवर चालविला. शेकडो लोक तुरुंगात गेले, दोघा तरुणांचा बंदिवासात अंत झाला. १९४० साली, राजाजींचे मंत्रिमंडळ गेल्यानंतर, सक्तीचा तो हुकूम मागे घेण्यात आला. पुढे वृद्धापकाळी हेच राजाजी हिंदीच्या सक्तीचे कडवे विरोधक बनले.

दुसरे उदाहरण आम्हांस शिक्षक या नात्याने अधिक जाचते. १९५२ साली ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. आल्याबरोबर त्यांनी धान्यावरील नियंत्रणे उठविण्याचे धाडस केले. धान्य बाजारात येईल की नाही, हाहाकार माजेल की काय, अशी सर्वांस धास्ती होती. प्रत्यक्षात धान्य बाजारात आले, आणि पुढे केंद्रात अन्नमंत्री रफी अहमद किडवाई यांनीही तीच वाट धरली. लोकांवर विश्वास टाकला असता तो वाया जात नाही, याचा हा दाखला. पण १९५३ साली त्यांनीच खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी एक नवी योजना आणली. मुलांनी रोज तीन तास शाळेत बसावे आणि उरलेला वेळ आईबापांच्या धंद्याचे शिक्षण घ्यावे, अशी ती योजना होती. थोड्या शिक्षकांत व थोड्या पैशांत अधिक मुलांस शिकविता येईल, श्रमाची गोडी लागेल, असा त्यांचा हेतू. विरोधकांनी तिला कुलकल्वी, म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे नाव दिले व विचारले की, कुंभाराच्या मुलाने मडकीच घडवावीत आणि परटाच्या मुलाने कपडेच धुवावेत असे सरकारने ठरवावे काय?

या प्रश्नास राजाजींपाशी पटण्याजोगे उत्तर नव्हते. विरोध वाढत जाऊन १९५४ साली त्यांनी पद सोडले, कामराज मुख्यमंत्री झाले व ती योजना रद्द झाली. पुढे कामराज यांच्या कारकिर्दीत शाळांतून मध्यान्ह भोजन सुरू झाले आणि गरिबांची मुले मोठ्या संख्येने शाळेत येऊ लागली. परंपरेचा अभिमान आम्हांसही आहे. तथापि बापाचा धंदा मुलाने स्वखुशीने उचलणे ही परंपरा, आणि सरकारी वेळापत्रकाने तो त्याच्या गळी मारणे ही सक्ती. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या कुटुंबांची मुले आज डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक झाली आहेत, त्यांनी आपल्या आजोबांची आठवण करावी. त्यांच्या बालपणी अशी योजना आपल्या गावी लागू झाली असती तर?

राजाजींसारखा निःस्पृह, विद्वान, पाच वेळा तुरुंगवास सोसलेला पुरुषदेखील सत्तेवर बसताच, आपल्या मते हितकारक तेच लोकांच्या माथी मारण्याच्या मोहात पडला. तर मग सामान्य पुढाऱ्याची काय कथा? वाईट राजापासून प्रजेचे रक्षण करावे हे सर्वांस पटते. परंतु चांगल्या राजाच्या चांगल्या हेतूंपासूनही प्रजेस कधी कधी रक्षण लागते, आणि त्यासाठीच घटना, न्यायालये व मूलभूत हक्क यांची कुंपणे घालावी लागतात.

परवाना-राज्याविरुद्ध

जून १९४८ पासून जानेवारी १९५० पर्यंत राजाजी भारताचे गव्हर्नर-जनरल होते. त्या पदावर बसलेले ते एकमेव भारतीय. सरदार पटेलांच्या निधनानंतर काही काळ ते केंद्रात गृहमंत्री होते. १९५४ साली पहिल्या तीन भारतरत्नांत त्यांचे नाव होते. या वयात व या मानमरातबात कोणी स्वस्थ बसला असता तर त्यास बोल लागला नसता. पण जानेवारी १९५९ मध्ये आपल्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले व तेथे संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र कराव्यात, सर्वांनी मिळून कसाव्यात, अशी त्यामागील कल्पना. तिला काँग्रेसमध्येच चरणसिंग यांनी विरोध केला, आणि आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा यांनी काँग्रेस सोडली. जून १९५९ मध्ये मद्रास येथे स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत त्याची पूर्वतयारीची परिषद भरली. रंगा अध्यक्ष, मुंबईचे मिनू मसानी सरचिटणीस, आणि राजाजी सर्वांचे मार्गदर्शक.

येथे महाराष्ट्रातील वाचक विचारील की, सहकार तर आपल्या प्रांताचे भूषण. त्यास विरोध का? शंका रास्त आहे. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने उभा राहिला, त्यात शेतकऱ्याने भाग घेतला तो आपल्या मर्जीने, आणि त्याच्या उसाची जमीन त्याच्याच नावावर राहिली. सरकारने भांडवलास हातभार लावला, नांगर काढून घेतला नाही. राजाजींचा विरोध सहकारास नव्हता. शेतकऱ्याची मालकी नाममात्र उरेल अशा सक्तीस होता. ज्याच्या पायाखाली स्वतःची चार बिघे जमीन आहे तो तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत कोणापुढेही ताठ उभा राहू शकतो. ती गेली की तो सरकारचा मजूर झाला.

शेतीइतकाच उद्योगांचा प्रश्न होता. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्याने कारखाना काढणे, वाढविणे, नवा माल बनविणे यांसाठी सरकारी परवाना आवश्यक झाला होता. राजाजींनी या व्यवस्थेस परमिट-लायसन्स-कोटा राज्य असे नाव दिले व ‘स्वराज्य’ साप्ताहिकातून तिच्यावर सातत्याने लिहिले. त्यांचा मुद्दा केवळ कारखानदारांच्या सोयीचा नव्हता. परवाना देणारा हात आणि निवडणुकीसाठी पैसा मागणारा हात एकच असला म्हणजे राज्यकारभार नासतो, हे ते सांगत होते. आमच्या पिढीतील लोकांस हे पुस्तकात वाचावे लागत नाही. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे, लग्नकार्यासाठी साखरेचा अर्ज, घराच्या भिंतीसाठी सिमेंटचे परमिट, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सिमेंटच्या वाटपाच्या याच प्रकरणात जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांस पद सोडावे लागले होते. पुढच्याच महिन्यात सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले, आणि १९९१ च्या जुलैमध्ये बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन गेले.

स्वतंत्र पक्षाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १९६२ साली त्यास लोकसभेत १८ जागा मिळाल्या, १९६७ साली ४४, आणि १९७१ साली अवघ्या ८. राजाजी २५ डिसेंबर १९७२ रोजी निवर्तले व १९७४ साली पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. संस्थानिक, जमीनदार व भांडवलवाले यांचा पक्ष म्हणून त्याची निंदा झाली, आणि त्यात अनेक राजेरजवाडे होते ही गोष्ट खरीच आहे. भूमिहीन मजुरास मालमत्तेच्या हक्काचे काय कौतुक, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या पक्षास शेवटपर्यंत देता आले नाही. महाराष्ट्रात तर त्याने मूळ धरलेच नाही. मात्र त्याच्या घटनेतील एक कलम आजच्या सर्व पक्षांनी अभ्यासावे असे आहे. मूलभूत तत्त्वे सोडून इतर विषयांवर प्रत्येक सभासदास आपल्या मताप्रमाणे बोलण्याची व मत देण्याची मोकळीक त्यात होती.

आणखी एक गोष्ट. राजाजींनी पंडित नेहरूंच्या धोरणांवर अखेरच्या वर्षांत जितकी टीका केली तितकी क्वचितच कोणी केली असेल. परंतु मे १९६४ मध्ये नेहरू गेले तेव्हा, आपल्याहून अकरा वर्षांनी लहान असलेला पण राष्ट्रास आपल्याहून कितीतरी पटींनी मोलाचा असा मित्र हरपला, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. विरोधक म्हणजे शत्रू नव्हे आणि सरकार म्हणजे देश नव्हे, या दोन्ही गोष्टी ज्यास कळतात त्याच्या तोंडूनच असे शब्द निघतात.

कसोटीची वेळ

जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात देशात अंतर्गत आणीबाणी होती. वृत्तपत्रांवर नियंत्रण बसले, हजारो लोक चौकशीवाचून तुरुंगात पडले, आणि सरकार म्हणजेच देश अशी शिकवण भिंतीभिंतींवरून दिली जाऊ लागली. राजाजी त्या वेळी हयात नव्हते, परंतु त्यांच्या सहकाऱ्यांपैकी मसानी मुंबईत ‘फ्रीडम फर्स्ट’ नावाचे लहानसे मासिक चालवीत होते. त्यातील मजकुरास नियंत्रकाने मनाई केली, तेव्हा मसानींनी उच्च न्यायालयाची पायरी चढली. १९७६ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती मादन व न्यायमूर्ती कणिया यांनी मसानींच्या बाजूने निकाल दिला. सरकारवर सभ्य शब्दांत टीका करणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि नियंत्रकाचे काम सर्वांस एकाच सुरात बोलावयास लावण्याचे नाही, असा त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी, आणीबाणीत बंदीस दाद मागता येणार नाही असे म्हटले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध राहिले. थोड्याच लोकांच्या हाती राहूनही स्वातंत्र्याची ज्योत टिकते, पण ते थोडे तरी असावे लागतात.

ज्ञातिबांधवांस विनंती

आता हा सारा इतिहास ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, राज्यसत्ता मर्यादित ठेवावी असे जो म्हणतो, त्याच्यावर एक मोठी जबाबदारी येऊन पडते. सरकारने जे करू नये असे आपण म्हणतो, ते समाजाने स्वतः केले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, सारस्वत, दैवज्ञ, नामदेव शिंपी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची वसतिगृहे एकामागून एक निघाली. दरबाराने जागा व साहाय्य दिले, आणि त्या त्या समाजांच्या लोकांनी वर्गणी गोळा केली व देखरेख ठेवली. राज्याचा आधार आणि समाजाचे कर्तृत्व यांचे प्रमाण तेथे बरोबर साधले होते. आज ज्ञातिसंस्थांच्या सभांतून अनुदान, भूखंड व सवलती यांच्या मागण्यांचे ठराव जितक्या उत्साहाने होतात, तितक्या उत्साहाने विद्यार्थी साहाय्य निधीची वर्गणी जमत नाही, हे आपण मनाशी कबूल करावे. जो समाज प्रत्येक गोष्टीसाठी सरकारच्या दारी उभा राहतो, त्याने सरकार फार माजले आहे अशी तक्रार करू नये.

दुसरी जबाबदारी याहून अवघड आहे. मनुष्याचे स्वातंत्र्य केवळ सरकारच हिरावून घेते असे नाही. कधी कधी ज्ञातीच घेते. आंतरजातीय विवाह केला, पंचांचा निवाडा मानला नाही, म्हणून कुटुंबास वाळीत टाकल्याच्या, रोटी-बेटी आणि अंत्यविधीसुद्धा बंद केल्याच्या घटना आपल्या राज्यात इतक्या झाल्या की, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळास २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला व तो २०१७ पासून अमलात आला. आम्ही मर्यादित राज्यसत्तेचे पुरस्कर्ते असूनही त्या कायद्याचे स्वागत करतो. मर्यादित सत्ता म्हणजे दुबळी सत्ता नव्हे. जेथे बलवान दुर्बलाचा गळा आवळतो तेथे सरकारचा हात पोहोचलाच पाहिजे, मग तो बलवान सावकार असो, गुंड असो, की पागोटे बांधून बसलेला पंच असो. तंजावरच्या कलेक्टराने म्हटले, या लोकांस घास देऊ नका. वाळीत टाकणारे पंचही हेच म्हणतात. त्या कलेक्टराचा हुकूम मोडणाऱ्यांचे आपण कौतुक करतो. तर मग पंचांचा तसाच हुकूम निघाला असता फांदीवर पुरचुंडी टांगण्याचे धैर्य आपल्या अंगी आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते हेच आहे. देशावर प्रेम करावे ते आईवर करावे तसे, निरपेक्ष व अढळ. सरकारवर मात्र विश्वास ठेवावा तो घरच्या कारभाऱ्यावर ठेवतो तसा. त्याचा मान राखावा, त्याने सांगितलेले रास्त काम करावे, कर वेळेवर भरावा, सीमेवर संकट आले असता मागे हटू नये, आणि वर्षाअखेरीस हिशेब मागावा. हिशेब मागितला म्हणून कारभारी रागावला तर त्यास शांतपणे सांगावे की, घर आमचे आहे. आणि हिशेब मागणाऱ्याने आपले स्वतःचे वर्तनही चोख ठेवावे; कारण जेथे माणसे आपण होऊन धर्माने वागतात तेथे शिपायाचे काम कमी पडते, आणि जेथे ती वागत नाहीत तेथे कितीही शिपाई पुरे पडत नाहीत.

वेल्लोरच्या तुरुंगात राजाजींनी आशा ठेवली ती मुलांच्या शिक्षणावर. आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थ्यांसाठी यंदा जो निधी उघडला आहे, त्यास प्रत्येक कुटुंबाने यथाशक्ति हातभार लावावा, आणि आपल्या मुलामुलींस राज्यघटनेतील मूलभूत हक्क व मूलभूत कर्तव्ये ही दोन्ही प्रकरणे घरी बसवून वाचावयास लावावीत, एवढी विनंती करून आम्ही सुज्ञ वाचकांची रजा घेतो.